कानात न बसणारे इअरफोन आणि नानांचा कॉल

लिहू की नको, असं करत सहा-सात महिने गेले. असे अमानवीय अनुभव मीही वाचते, पण चहाबरोबर, टाइमपास म्हणून... आणि वाचून झालं की मनात म्हणायचे, यांना झोप कमी पडत असेल. आमच्या घरात संध्याकाळी देवापुढे दिवा लागतो, तेवढंच. अंगारे, कौल, बाहेरचं बघणं, यातलं काहीही नानांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. म्हणायचे, रस्त्यावर भ्यायचं ते फक्त समोरून येणाऱ्या ट्रकला. मीही त्याच वळणाची. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहिते, रंग न चढवता.

मी संगीता. वय एक्केचाळीस. धुळ्याला देवपूरमध्ये राहते, एका शाळेत ग्रंथपाल आहे. घरात मी आणि वडील, म्हणजे नाना. आई जाऊन नऊ वर्षं झाली. धाकटा भाऊ प्रमोद बायको-मुलांसह दोन गल्ल्या सोडून राहतो.

माझ्या कानांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लहानपणी माझे दोन्ही कान वाहायचे. दोन्ही कानांचं ऑपरेशन झालं, आणि त्यात आतला रस्ता रुंद करावा लागला. त्यामुळे कानाची भोकं मोठी आहेत... अंगठ्याचं टोक सहज आत जातं, इतकी. ऐकू येतं, पण कमी. गर्दीत तर समोरच्याचं तोंड बघितल्याशिवाय कळत नाही. कानात घालायचे इअरफोन कधीच बसत नाहीत, सरळ गळून पडतात. आणि डोक्यावरून घ्यायचा मोठा हेडफोन लावला, तर ऑपरेशनच्या जागी दाबला जाऊन दोन मिनिटांत घर फिरायला लागतं. आजवर याचं काही अडलं नव्हतं. गाणी ऐकायला स्पीकर पुरे.

नानांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण जीभ सावरली नाही. बोलणं पार चिखलात रुतल्यासारखं झालं. प्रमोदलाही ते कळायचं नाही. मला कळायचं, कारण सगळं आयुष्य मी लोकांची तोंडं बघत काढलेलं. पुढे पुढे नाना विसरायलाही लागले. सकाळी उठून खाकी शर्ट मागायचे, ड्युटीवर जायचंय म्हणून.

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. मंगळवार होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बाहेर आले तर नाना खुर्चीत नव्हते आणि दार उघडं होतं. कडी वाजली असणारच... ती लोखंडी कडी शेजारच्यांनाही ऐकू जाते.

दुपारपर्यंत आम्ही देवपूर पालथं घातलं. पांझरेचे दोन्ही काठ, बसस्टँड, दवाखाने. पोलिसांत तक्रार दिली. प्रमोद एकदाच म्हणाला, "ताई, तुला दार वाजलेलं ऐकूच आलं नाही?" तो रागाने बोलला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्याच दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'नाना'. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता, एक नंबरचं बटण दाबून धरलं की मला लागायचा. मी उचलला. नुसती घरघर, खडखड, आणि त्यामागे कुणीतरी पुटपुटल्यासारखं. मी ओरडत राहिले, "नाना, कुठे आहात? नाना..." बावन्न सेकंदांनी कॉल कटला. नंतर फोन बंद.

माझ्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. कमी ऐकू येतं, म्हणून प्रमोदनेच तशी सेटिंग करून दिली होती. पोलिसांनी टॉवर काढला, तो सोनगीरचा निघाला. मग प्रमोद आणि त्याचे मित्र सोनगीरला गेले. किल्ल्याचा डोंगर, हायवेवरचे ढाबे, मळे... सगळीकडे फोटो दाखवत फिरले. नाना कुणालाच दिसले नव्हते.

राहिली ती रेकॉर्डिंग. सगळ्यांनी ऐकली. सगळे म्हणाले, मागे कुणीतरी बोलतंय खरं, पण शब्द लागत नाहीत. प्रमोद म्हणाला, "ताई, नानांचं बोलणं तुझ्याशिवाय कुणाला कळणार? तू नीट ऐक." बघा कशी गंमत. ज्यांना ऐकू येत होतं त्यांना नानांची भाषा कळत नव्हती, आणि जिला ती भाषा कळत होती तिला ऐकू येत नव्हतं. स्पीकरवर मला फक्त घरघर यायची. मोठा हेडफोन लावला तर चक्कर येऊन ओकारी व्हायची. एकच मार्ग उरला, कानात घट्ट बसतील असे इअरफोन. बाहेरचा आवाज आत येणार नाही आणि आतला बाहेर सांडणार नाही, असे.

बुधवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधीच मी आग्रा रोडवर जाऊन उभी राहिले. पहिल्या दुकानदाराने तीन मापांची रबरं दाखवली. लहान, मध्यम, मोठं. मोठं लावलं, मान हलवली, पडलं.

"यापेक्षा मोठं?"

"नाही येत मॅडम. यापेक्षा मोठा कान नसतो कुणाचा," तो हसून म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं.

दुसरं दुकान, तिसरं, सातवं. स्पंजाची रबरं घेतली, ती फुगून बसतात म्हणे. माझ्या कानात ती फुगूनही सैल. कानामागे आकडा अडकवायचे घेतले. आकडा राहायचा, आतलं टोक निसटायचं. बोटाने दाबून धरलं तर बोटाचीच खरखर ऐकू यायची. मेडिकलमधून मेणाचे बोळे आणले, कापूस गुंडाळून बघितला. दुपारी घरी आले आणि कणीक मळली. हो, कणीक. तिचा गोळा इअरफोनभोवती थापला आणि कानात बसवला... भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत बसले. क्षणभर काहीतरी जवळ आल्यासारखं वाटलं. मग कणीक आतच घसरली, आणि प्रमोदच्या बायकोला चिमट्याने काढावी लागली. ती काढताना रडत होती. मी रडले नाही. बाहेर ऊन कलत होतं, नोव्हेंबरची थंडी उतरायला लागली होती, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं... नानांच्या अंगावर स्वेटर नाही.

तशीच उठून एका श्रवणयंत्रांच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी टॉर्चने कान बघितले आणि नरमाईने सांगितलं, "तुमच्या कानाचं माप घेऊन साचा बनवावा लागेल. बाहेर पाठवतो आम्ही. आठ दिवस लागतात."

"आठ दिवस नाहीत हो माझ्याकडे."

मी काय सांगितलं, कसं सांगितलं, आता आठवत नाही. त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला. जळगाव, शनिपेठ, रशीदचाचा. "म्हातारे आहेत. हाताने साचे बनवतात. मनात आलं तर त्याच दिवशी देतील."

गुरुवारी पहिल्या गाडीने निघाले. पारोळा, एरंडोल, जळगाव. सगळा रस्ता खिडकीशी बसून बाहेर बघत होते, कुठे नाना दिसतात का म्हणून. प्रमोदचा फोन आला, तो पुन्हा सोनगीरला पोचला होता. तोंड दिसत नसताना त्याचं बोलणं मला अर्धंच कळलं.

चाचांचं घर एका बोळात होतं. समोरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, त्यावर बारीक कानशी, छोटं ड्रिल, आणि काचेच्या बरणीत गुलाबी-पांढरे साचे... माणसांच्या कानांचे. चाचांचं वय पंच्याहत्तरच्या पुढचं. मी बोलत असताना त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. मग कान बघितले, बराच वेळ.

"ऑपरेशन झालंय ना, बेटा? आत पोकळी आहे. माप घ्यायचा माल आत गेला तर निघायचा नाही. जपून करावं लागेल."

"करा."

"पक्का साचा दोन दिवसांचं काम आहे."

"चाचा, माझे वडील दोन दिवसांपासून बाहेर आहेत. बोलता येत नाही त्यांना."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग मापाचाच साचा वापरू. मऊ असतो, टिकणार नाही. पण आजच्यापुरतं होईल."

दोरा बांधलेला कापसाचा बोळा त्यांनी कानात खोलवर सरकवला आणि पिचकारीने तो गार लगदा भरला. एक कान, मग दुसरा. दहा मिनिटं मला काहीच ऐकू येत नव्हतं. इतकी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवली, आणि त्या शांततेत मी देवाला नाही, नानांनाच विनवत होते... थांबा, मी येतेय. चाचांनी साचे काढले, कडा कापल्या, मधून आरपार भोक पाडलं, माझ्या वायरवाल्या इअरफोनची टोकं त्यात चिकटवली. तासभर गेला. चाचींनी मला समोर बसून चहा प्यायला लावला.

साचे कानात बसले. डोकं हलवलं, वाकले, उठले. नाही पडले. रस्त्यावरचा सगळा गलका बंद झाला. मी रेकॉर्डिंग लावली.

घरघर. खडखड. आणि मग नाना.

"माय..." नाना मला नावाने हाक मारत नसत, माय म्हणत. "माय, आठे शे मी. बुढीनी मोरीमा शे. पाय मोडना. प्रमोदले धाड."

अगदी स्वच्छ, शेजारी बसून बोलल्यासारखं. मी पुन्हा लावलं. तेच शब्द: इथे आहे मी, बुढीच्या मोरीत, पाय मोडलाय, प्रमोदला पाठव. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मी मोठ्याने म्हणत गेले आणि चाचांनी ते कागदावर लिहून घेतलं. 

बुढीची मोरी कुठली, मला माहीत नव्हतं. प्रमोदला फोन लावला, त्यालाही नाही. मग त्याला सुचलं की एरंडोलचे आबा, नानांचे जुने कंडक्टर, त्यांना विचारावं. त्याने आबांना विचारलं आणि पाच मिनिटांत मला मेसेज केला. पारोळा आणि एरंडोलच्या मधे, चौपदरी रस्ता झाला तेव्हा जुन्या रस्त्याचं एक वळण बाजूला पडलं, त्या वळणावरची मोरी, रस्त्याखालून पाणी जायचा नळा. पूर्वी तिथे एक म्हातारी पेरू विकायची, सगळे ड्रायव्हर थांबायचे. आबा म्हणाले होते, "बठ्ठा ड्रायव्हर तठेच थांबेत." आता तिकडे कुणी जात नाही. आबा गावातल्या दोघांना घेऊन निघाले होते.

मेसेज मी पुन्हा वाचला. त्याच रस्त्याने मी सकाळी आले होते. खिडकीशी बसून.

चाचा मला स्टँडपर्यंत सोडायला आले. साचे त्यांनी डब्यात घालून दिले, मऊ आहेत, कानात ठेवू नकोस म्हणाले. गाडी पाळधीच्या पुढे आली आणि आबांचा फोन आला. मी कानाला लावला. गाडीचा आवाज, वारा, आबांचं घाईघाईचं बोलणं... एक शब्द लागेना. डबा पिशवीच्या तळाशी, पिशवीची गाठ सुटेना. शेजारी एक शेतकरी बाई बसल्या होत्या, मांडीवर मेथीच्या जुड्या. मी फोन त्यांच्या हातात दिला.

"अक्का, मला ऐकू येत नाही. तुम्ही ऐका. काय म्हणतात ते मला सांगा. जे असेल ते सांगा."

त्यांनी फोन कानाला लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतका वेळ मी कुणाच्याच तोंडाकडे बघितलेलं नाही.

"हां... हां, भाऊ... हां." मग माझा हात घट्ट धरून, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "तुना बाप सापडना. जित्ता शे."

सापडले होते, जिवंत होते. त्या अनोळखी बाईच्या मांडीवर डोकं ठेवून मी एरंडोलपर्यंत रडले. मेथीच्या जुड्या सगळ्या दबल्या. 

नाना मोरीच्या तोंडाशी, खालच्या बाजूला सापडले. मांडीचं हाड मोडलेलं. मोरीतून पाण्याची बारीक धार वाहत होती, ओंजळीने तेच पीत राहिले. घसा पूर्ण बसला होता. धुळ्याला ऑपरेशन झालं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, यात अमानवीय काय? चांगले इअरफोन मिळाले, आवाज ऐकू आला, माणूस सापडला. मीही तेच समजत होते. दहा दिवस.

दहा दिवसांनी सोनगीरहून एका दूधवाल्याचा फोन आला. त्याच्या टेम्पोच्या सीटखाली नानांचा फोन सापडला होता. बॅटरी संपलेली. चार्ज केला आणि त्यात माझा नंबर दिसला. तो घरी येऊन सांगून गेला. त्या मंगळवारी सकाळी त्याचा टेम्पो देवपुरात दूध उतरवायला उभा होता. एक म्हातारे बाबा दमून टेम्पोच्या उघड्या दारातल्या पायरीवर टेकले होते, थोड्या वेळाने उठून स्टँडकडे गेले. फोन तेव्हाच पडला असावा. टेम्पो सोनगीरला परत गेला. दुपारी सीटजवळचा कॅन हलून बटण दाबलं गेलं असेल.

प्रमोदने स्टँडवर चौकशी केली. नाना साडेदहाच्या जळगाव गाडीत बसले होते. कंडक्टरला आठवत होतं, पारोळ्याच्या पुढे एका थांब्यावर त्यांनी हाताने खुणा करून गाडी थांबवायला लावली आणि उतरले.

म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी फोन सोनगीरला टेम्पोत होता, आणि नाना तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर, मोरीत पडलेले.

मग त्या बावन्न सेकंदांत मी ऐकलं काय?

लग्नाच्या व्हिडिओंचं काम करणारा एक ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडे रेकॉर्डिंग नेली. त्याने कॉम्प्युटरवर आवाज वेगवेगळे करून दाखवले. टेम्पोचं इंजिन, कॅनची खडखड, आणि दूधवाला गुणगुणतोय ते. बाकी माझंच ओरडणं. शब्द कुठेच नाही. घरी येऊन मी तेच साचे घातले, तोच फोन, तीच रेकॉर्डिंग. गुणगुणणं स्पष्ट ऐकू आलं. नाना नव्हते.

आणखी एक गोष्ट, ती फार उशिरा लक्षात आली. चाचांच्या खोलीत मी ऐकला तो आवाज झटका यायच्या आधीच्या नानांचा होता. प्रत्येक अक्षर सुटं, जीभ कुठेही अडखळत नव्हती. दोन वर्षांत तसं ते एकदाही बोलले नव्हते. त्या क्षणी मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. आपल्या माणसाचा आवाज आपल्याला ओळखीचाच वाटतो.

मी माझ्या परीने खूप विचार केला. लहानपणी नानांच्या तोंडून बुढीच्या मोरीचं नाव ऐकलं असेल आणि ते मनात कुठेतरी राहिलं असेल... मान्य. दोन दिवसांची उपाशी, जागी बाई, तिला वाटेल ते ऐकू येईल... तेही मान्य. पण नाना त्या दिवशी त्याच मोरीत आहेत, त्यांचा पाय मोडलाय, हे मला कोण सांगणार? चाचांच्या हातचा तो कागद मी जपून ठेवलाय. नाना सापडायच्या आधी लिहिलेला आहे तो, आणि 'पाय मोडना' त्यावर आहे.

महिन्याभराने जळगावला जाऊन चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी डब्यातले साचे काढून उजेडात धरले. मग म्हणाले, "डावा कान दुखतो का गं? त्या दिवशी घाईत त्याची कड नीट घासली नव्हती मी." आणि कानस हातात घेऊन बसले. मला ते फार बरं वाटलं.

नानांना एकदाच विचारलं. ते पलंगावर होते, मी भात भरवत होते. "नाना, मोरीत असताना काय करत होतात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीच्या त्या रुतलेल्या जिभेने, एकेक शब्द ओढत म्हणाले, "तुले हाका मारी ऱ्हायंतू." आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

चैत्रात नाना गेले. घरात, झोपेत. मोरीतून आल्यावर साडेचार महिने मिळाले, आणि त्यातला एक दिवसही मी वाया घालवला नाही.

हे कसं झालं, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, पण मला पटेलच असं नाही. रेकॉर्डिंग अजून फोनमध्ये आहे. प्रमोद म्हणतो, काढून टाक, त्यात नाना नाहीतच. नाहीतच, ते मलाही कळतं. पण बोट त्या बटणापर्यंत जातं आणि तिथेच थांबतं.